माहूलचा तेल-कारखाना

विहिरीवरचे इंजिन फटफट करू लागले की पाटात पाणी येते. ट्रॅक्टर रान नांगरतो. एस.टी. वेळेवर (कधी अवेळी) गावात येते. कांद्याचा ट्रक बाजाराला जातो. घरात गॅसची शेगडी पेटते. ही कामे निरनिराळी दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच वस्तू आहे. ती म्हणजे खनिज तेल. जमिनीच्या पोटातून निघणारे तेल.

हे तेल शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलासारखे नसते. ते घाण्यातून निघत नाही. जमिनीला किंवा समुद्राच्या तळाला खोल भोक पाडून ते वर आणावे लागते. रंगाने काळपट, वासाला उग्र. जसेच्या तसे ते आपल्या काहीच कामाचे नाही. इंजिनात ओतले तर इंजिन बंद पडेल. कंदिलात घातले तर नुसता धूर होईल. म्हणून आधी ते शुद्ध करावे लागते. जिथे हे काम चालते त्या जागेला तेल शुद्धीकरण कारखाना म्हणतात. हे नाव पाटीवर लिहायला ठीक आहे. बोलताना सगळे रिफायनरी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

मुंबईत चेंबूरच्या पुढे माहूल नावाचे गाव आहे. मूळचे हे कोळ्यांचे गाव. खाडी, होड्या, मासे वाळवायच्या वलांड्या, असे तिथले जुने रूप. त्या माहूलला आज दोन रिफायनऱ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक हिंदुस्थान पेट्रोलियमची, दुसरी भारत पेट्रोलियमची. आज आपण दुसरीची हकीकत वाचू. ती वाचली की डिझेल कुठून येते, भाव का चढतो, आणि सरकारी कंपनी म्हणजे नक्की कोणाची कंपनी, हे सगळे ध्यानात येईल.

रॉकेलचा डबा

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. रॉकेलचा चौकोनी पत्र्याचा डबा त्यांना आठवत असेल. रॉकेल संपले की डबा रिकामा होई, पण वाया जात नसे. त्याला वर लाकडी दांडी ठोकली की पाणी भरायला झाला. उभा चिरून सपाट केला की छपराला पत्रा झाला. धान्य मोजायला, चारा-आंबोण ठेवायला, सगळ्याला तो डबा. गरिबाच्या घरात डब्याला जेवढा मान होता तेवढा आतल्या तेलालाही नसेल!

हे रॉकेल विकणाऱ्या कंपन्या परदेशी होत्या. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे बर्मा शेल. बर्मा म्हणजे ब्रह्मदेश. ब्रह्मदेशातल्या विहिरींतून तेल काढणारी बर्मा ऑइल नावाची एक कंपनी होती. ती स्कॉटलंडच्या लोकांनी 1886 साली काढली. शेल ही दुसरी मोठी कंपनी. दोघींनी 1928 साली हिंदुस्थानातला विक्रीचा धंदा एकत्र केला आणि बर्मा शेल हे नाव पडले. रेल्वेने, बैलगाडीने, हातगाडीने त्यांचे रॉकेल गावोगाव पोचले. करंज-एरंडाच्या तेलाचे दिवे मागे पडले. चिमणी आणि कंदील आले.

तेव्हा आपल्याकडे तेल नव्हतेच का? होते, पण थोडे. आसामात दिग्बोई येथे तेलाच्या विहिरी होत्या. तिथेच 1901 साली रिफायनरी सुरू झाली होती. फाळणी झाली आणि पंजाबातली अटकची रिफायनरी पाकिस्तानात गेली. मग एवढ्या मोठ्या देशात दिग्बोईची एकच रिफायनरी उरली. बाकी पेट्रोल, रॉकेल, डिझेल सगळे तयार होऊन परदेशातून जहाजाने यायचे. स्वराज्य आले, पण रात्री दिवा लावायला तेल बाहेरचे.

माहूलला कारखाना आला

सरकारच्या मनात आले की तयार माल आणण्यापेक्षा कच्चे तेल आणावे आणि ते इथेच शुद्ध करावे. त्यासाठी पैसा हवा, यंत्रे हवीत, जाणकार हवेत. यांतले आपल्याजवळ काहीच पुरेसे नव्हते. म्हणून 1951 च्या सुमारास सरकारने परदेशी कंपन्यांशी करार केले. अमेरिकन कंपनी स्टॅनव्हॅक हिने मुंबईत 1954 साली रिफायनरी सुरू केली. तिचेच पुढे एस्सो झाले. तिच्या शेजारी बर्मा शेलची रिफायनरी 30 जानेवारी 1955 रोजी सुरू झाली. तिसरी, कॅलटेक्सची, विशाखापट्टणला 1957 साली.

करार गोड होते, पण कंपन्यांना. निदान 25 वर्षे सरकार कारखाने ताब्यात घेणार नाही, असे वचन कंपन्यांनी घेतले. भावाचे तर विचारूच नका. तेल शुद्ध होई माहूलला. पण भाव ठरवताना परदेशातल्या बंदराचा भाव धरायचा, त्यावर जहाजाचे भाडे चढवायचे, आणि मग आपल्याला सांगायचे. गावच्याच मळ्यातली मेथी बाजारात मांडावी आणि तिच्यावर पुण्याहून आणल्याचे गाडीभाडे लावावे, त्यातलाच हा प्रकार.

1960 साली एक मोठी गोष्ट घडली. रशियाने भारताला कमी भावात कच्चे तेल देऊ केले. त्या वेळी तेलखात्याचे काम केशव देव मालवीय पाहात होते. सरकारने परदेशी कंपन्यांना सांगितले, हे तेल तुमच्या कारखान्यांत शुद्ध करून द्या. कंपन्या म्हणाल्या, नाही करणार. कच्चे तेल आम्ही आमच्याच विहिरींचे आणू. झाले! तेल स्वस्त मिळत होते, कारखाना आपल्या जमिनीवर उभा होता, आणि तरी आपण काही करू शकत नव्हतो. गिरणी दुसऱ्याची असली म्हणजे आपले दळण अडते, ते असे. रशियाच्या तेलाची बोलणी सुरू आहेत हे पाहून कंपन्यांनी आपल्या तेलाचा भाव मात्र थोडा उतरवला. म्हणजे उतरवता येत होता!

तेव्हापासून सरकारने स्वतःच्या रिफायनऱ्या उभारण्याचा निश्चय पक्का केला. आसामात गुवाहाटीजवळ नूनमाटीची रिफायनरी रुमानियाच्या मदतीने झाली. पंडित नेहरूंनी 1 जानेवारी 1962 रोजी ती सुरू केली. मग रशियाच्या मदतीने बिहारात बरौनीची आणि गुजरातेत बडोद्याजवळ कोयलीची. 1964 साली इंडियन ऑइल ही मोठी सरकारी कंपनी तयार झाली. माहूलची बर्मा शेल मात्र अजून परक्यांचीच होती.

तेल शुद्ध कसे करतात

आता जरा कारखान्यात डोकावून पाहू.

चुलीवर डाळ शिजत असते. वर झाकण असते. झाकण उचलले की आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात. ते कुठून आले? पाण्याची वाफ झाली, ती वर गेली, झाकणाला लागून थंड झाली आणि पुन्हा पाणी झाले. डाळीचा कण झाकणाला नाही. नुसते निर्मळ पाणी. हातभट्टीवालाही हेच करतो, पण त्याचे नाव आपण इथे घेऊ नये. अत्तरवाला गुलाबपाणी काढतो ते असेच.

रिफायनरीतही तीच युक्ती. कच्च्या तेलात हलके-जड असे अनेक पदार्थ एकमेकांत मिसळलेले असतात. भट्टीत ते सुमारे 350 अंशांपर्यंत तापवतात. पाणी उकळते 100 अंशांना, त्यावरून ही उष्णता किती ते समजा. मग ती वाफ एका उंच लोखंडी मनोऱ्यात सोडतात. मनोरा खाली अतिशय गरम आणि वर वर थंड होत गेलेला असतो. आत एकावर एक ताटल्यांसारखे मजले असतात. वाफ वर चढू लागते. जड पदार्थाला थोडीशी थंडी लागली की तो खालच्याच मजल्यावर पातळ होऊन साचतो. हलका पदार्थ आणखी वर जातो.

सगळ्यांत वर निघतो गॅस. तोच दाबाने पातळ करून सिलिंडरात भरतात. त्याच्या खाली पेट्रोल. त्याच्या खाली रॉकेल आणि विमानाचे तेल. ही दोन्ही जवळची भावंडे आहेत. त्याच्या खाली डिझेल. आणि तळाला जे दाट, काळे उरते त्यातून भट्ट्यांचे तेल निघते, सडकेचे डांबर निघते. म्हणजे एकाच पिंपातल्या तेलावर सडक होते, आणि त्याच तेलावर सडकेवरची गाडी चालते. पिंप म्हणजे किती? तेलाच्या व्यापारात एक पिंप 159 लिटरचे धरतात.

एवढ्यावर काम संपत नाही. मागाहून त्यातले गंधक काढावे लागते, नाहीतर धूर जास्त विषारी होतो. जड तेल फोडून त्याचे हलके तेल करावे लागते. त्याला वेगळी यंत्रे लागतात, मोठा दाब लागतो. हे काम जोखमीचे. 8 ऑगस्ट 2018 रोजी माहूलच्या याच रिफायनरीत असे जड तेल फोडण्याच्या विभागात स्फोट होऊन आग लागली. चाळीसहून जास्त माणसे जखमी झाली.

ही रिफायनरी आता वर्षाला सुमारे 120 लाख टन कच्चे तेल शुद्ध करू शकते. आकडा मोठा आहे, म्हणून आपण हिशेब करून पाहू. 120 लाखाला 365 दिवसांनी भागा. दिवसाला जवळजवळ 33 हजार टन येतात. दहा टन माल नेणारा ट्रक धरला तर रोजचे 3 हजार 300 ट्रक. ते एकामागे एक उभे केले तर रांग कितीतरी किलोमीटर लांब होईल! म्हणून कच्चे तेल ट्रकने येत नाही. ते जहाजाने आणि नळाने येते.

परक्याची कंपनी आपली झाली

1973 साली अरब देश आणि इस्राएल यांच्यात लढाई झाली. तेलवाल्या देशांनी तेल आखडले आणि भाव वाढवला. काही महिन्यांत पिंपाचा भाव जवळजवळ चौपट झाला. आपल्या देशाला मोठा चटका बसला. रॉकेलच्या रांगा लागल्या. ज्याच्या हाती तेल त्याच्या हाती आपली मान, हे सगळ्यांना दिसून आले.

सरकारने मग एकेक परदेशी कंपनी ताब्यात घेतली. लुटून नव्हे. संसदेत कायदा करून आणि मोबदला देऊन. 1974 साली एस्सो घेतली. तिची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. 24 जानेवारी 1976 रोजी बर्मा शेल घेतली. आधी तिचे नाव भारत रिफायनरीज ठेवले, मग 1 ऑगस्ट 1977 पासून भारत पेट्रोलियम. कॅलटेक्सही घेतली आणि ती पुढे हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिसळली. कारखाना तोच, मनोरे तेच, कामगार बहुतेक तेच. पाटी बदलली. पण पाटीबरोबर हुकूमही बदलला. कोणते तेल आणायचे, कुठे पंप काढायचा, हे आता लंडनला ठरत नव्हते.

योग असा की याच सुमारास घरचे तेलही सापडले. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर दूर, अरबी समुद्रात, सागर सम्राट नावाच्या जहाजाने तळाला भोक पाडले. फेब्रुवारी 1974 मध्ये तिथे तेल लागले. त्या जागेला बॉम्बे हाय म्हणत. आता मुंबई हाय म्हणतात. 1976 च्या मे महिन्यात तेल निघू लागले. पुढे समुद्राच्या तळातून नळ टाकून ते उरणला आणि तिथून माहूलला आणले. समुद्र आपला, विहीर आपली, रिफायनरीही आपली. त्या दिवसांत लोकांना याचे किती अप्रूप वाटले असेल!

पण मुंबई हायचे तेल देशाला पुरत नाही. गाड्या वाढल्या, कारखाने वाढले, विहिरींवरची इंजिने वाढली. आज आपण जे 100 लिटर कच्चे तेल शुद्ध करतो त्यातले 85 लिटरांहून जास्त बाहेरदेशाहून येते. इराक, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती हे नेहमीचे देश. 2022 साली रशिया आणि युक्रेन यांच्यात युद्ध पेटले. तेव्हा रशियाचे तेल पुन्हा स्वस्त मिळू लागले आणि आपण ते भरपूर घेतले. या वेळी नाही म्हणणारे कोणी परदेशी मालक माहूलला बसलेले नव्हते. 1960 सालची गोष्ट वर वाचलीत, तिच्याशी हे ताडून पाहा.

अडीअडचणीला साठाही करून ठेवला आहे. पूर्वी गावात ज्वारीचे पेव असे. जमिनीखाली दगडी खोली, वर झाकण. दुष्काळ पडला की पेव उघडायचे. तसेच तेलाचे पेव विशाखापट्टण, मंगळूर आणि पादूर येथे खडक कोरून केले आहे. तिन्ही मिळून सुमारे 53 लाख टन तेल मावते. माहूलची रिफायनरी पाच-साडेपाच महिन्यांत जेवढे शुद्ध करते तेवढे. सगळ्या देशाला ते थोडेच दिवस पुरेल. पण थोडे दिवसही पुष्कळ असतात.

माहूलहून आपल्या गावापर्यंत

नाशिक जिल्ह्यातल्या मंडळींना मनमाडजवळचे पानेवाडी ठाऊक असेल. तिथे तेलाच्या मोठमोठ्या टाक्या आहेत. माहूलपासून मनमाडपर्यंत सुमारे 250 किलोमीटर लांबीचा नळ जमिनीखालून टाकला आहे. नळ पुढे थेट दिल्लीकडे जातो. यात एक गंमत आहे. पेट्रोलला वेगळा नळ, डिझेलला वेगळा, असे नसते. एकाच नळातून आधी एक तेल, त्याच्या पाठोपाठ दुसरे, असे सोडतात. जिथे दोघांची सरहद्द येते तिथे थोडे तेल मिसळते. तेवढे बाजूला काढतात.

पानेवाडीहून टँकर भरून खानदेश, मराठवाडा, विदर्भ अशा लांबच्या पंपांवर जातात. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांनी अपघाताच्या नव्या कायद्याविरुद्ध गाड्या उभ्या केल्या. लगेच पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. तेल नळात होते, टाक्यांत होते. पण चालकाने चाक फिरवले नाही तर ते आपल्या गाडीत येत नाही, हे त्या दोन दिवसांत सगळ्यांना दिसले.

याच मनमाडच्या परिसरात एक काळी गोष्टही घडली. ती सांगायलाच हवी. रेशनचे रॉकेल सरकार गरिबांसाठी स्वस्त देत असे. डिझेल महाग. मग लबाड लोक रेशनचे रॉकेल चोरून डिझेलात मिसळत आणि डिझेलच्या भावाने विकत. भेसळ ओळखता यावी म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग देत. तरीही धंदा थांबेना, कारण नफा मोठा होता. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडकडून जात होते. वाटेत त्यांना टँकरमधून तेल काढण्याचा असाच प्रकार दिसला. ते गाडीतून उतरले आणि जाब विचारू लागले. तेलचोरांनी त्यांना तिथेच पेटवून दिले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. सगळ्या राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला.

त्या भेसळीत नुकसान कोणाचे होत होते? ज्या म्हातारीच्या चिमणीचे रॉकेल चोरले तिचे. ज्या शेतकऱ्याचे इंजिन खराब झाले त्याचे.

आपणही पंपावर डोळे उघडे ठेवावेत. तेल सोडण्याआधी काट्यावर शून्य आहे की नाही ते पाहावे. आता तर आकडे आपल्याला वाचता येतात. माप कमी वाटले तर 5 लिटरचे सरकारी शिक्क्याचे माप प्रत्येक पंपावर ठेवलेले असते. ते मागावे आणि आपल्यासमोर मोजून घ्यावे. पावती मागण्यात लाज नाही.

भाव कोण ठरवतो

पूर्वी पेट्रोल-डिझेलचा भाव सरकार ठरवी. बाहेर महाग झाले तरी इथे सरकार भाव धरून ठेवी. त्यामुळे कंपनीला तोटा येई आणि तो सरकार कसाबसा भरून काढी. पेट्रोलचा भाव जून 2010 मध्ये सरकारने कंपन्यांवर सोडला. डिझेलचा ऑक्टोबर 2014 मध्ये. 16 जून 2017 पासून भाव रोजच्या रोज ठरवायची पद्धत सुरू झाली.

आपण पंपावर देतो ते सगळे पैसे तेलाचे नसतात. कच्च्या तेलाची किंमत, शुद्ध करण्याचा खर्च, वाहतूक, पंपवाल्याचे कमिशन, आणि त्यावर केंद्र सरकारचा कर व राज्य सरकारचा कर. कर थोडाथोडका नसतो. म्हणून कधी कधी बाहेर तेल उतरले तरी पंपावर उतरत नाही. कोणी विचारील, कंपनी सरकारी, कर घेणारे सरकार, मग आमचा फायदा कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. कराच्या पैशातून शाळा, रस्ते होतात हे खरे. पण डिझेलवरचा कर आमदारापेक्षा शेतकऱ्याला जास्त लागतो, हेही खरे. मते मागायला लोक येतात तेव्हा हा प्रश्न त्यांना जरूर विचारावा.

ऊसवाल्यांना मात्र पेट्रोलमधून चार पैसे मिळू लागले आहेत. उसापासून इथेनॉल नावाचा पदार्थ होतो. तो पेट्रोलमध्ये मिसळतात. हे काम 2003 साली सुरू झाले. 2022 साली 100 लिटरांत 10 लिटरांपर्यंत पोचले आणि 2025 साली 20 लिटरांपर्यंत. भारत पेट्रोलियम आणि तिच्या बहिणी साखर कारखान्यांकडून इथेनॉल विकत घेतात. मक्यापासूनही ते करतात. जुन्या गाडीला हे मिश्रण किती मानवते यावर वाद आहे. आणि ऊस पाणी किती पितो हे मराठवाड्याला सांगायला नको.

कंपनी विकायची होती

भारत पेट्रोलियमचे 100 हिस्से मानले तर त्यांतले सुमारे 53 सरकारचे आहेत. बाकीचे निरनिराळ्या लोकांनी आणि संस्थांनी घेतले आहेत. निम्म्याहून जास्त हिस्से सरकारचे, म्हणून ती सरकारी कंपनी.

आपल्याजवळचे हिस्से विकावेत असे सरकारला दोनदा वाटले. पहिल्यांदा 2003 च्या आधी. तेव्हा काही नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सप्टेंबर 2003 मध्ये सांगितले, ही कंपनी संसदेने कायदा करून घेतली आहे. संसदेला विचारल्याशिवाय तुम्ही ती विकू शकत नाही. विक्री थांबली. 2016 साली संसदेने पुष्कळ जुने कायदे रद्द केले. त्या गठ्ठ्यात हाही कायदा गेला. फार थोड्या लोकांच्या ते लक्षात आले. मग नोव्हेंबर 2019 मध्ये सरकारने पुन्हा विकायचे ठरवले. गिऱ्हाइके आली, पाहून गेली आणि मागे फिरली. शेवटी मे 2022 मध्ये सरकारने विक्रीचा बेत सोडला.

विकावी म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे, की सरकारने दुकानदारी करू नये आणि आलेला पैसा दुसऱ्या कामाला लावावा. विकू नये म्हणणारे म्हणतात, दुभती गाय कोणी विकतो का? माझे मत विचाराल तर 1960 सालची गोष्ट मला विसरता येत नाही. खाजगी मालक आपला नफा पाहणार, त्यात गैर काही नाही. पण डोंगरातल्या वाडीवर सिलिंडर पोचवण्यात नफा नसतो. तिथे जायला हुकूम देता येईल अशी एक तरी कंपनी हाताशी असावी.

तरी सरकारी म्हणजे सगळे चांगले, असेही कोणी समजू नये. माहूलच्या माणसांना विचारा. दोन रिफायनऱ्या, वर रसायनांच्या टाक्या. हवेला वास, डोळ्यांची आग, दम्याची तक्रार. खाडीतली मासळी कमी झाली असे कोळी सांगतात. त्यात मुंबईतल्या तोडलेल्या झोपड्यांतली हजारो कुटुंबे सरकारने तिथल्या इमारतींत आणून ठेवली. लोकांनी आंदोलन केले, कोर्टात गेले. 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अशा हवेत आता आणखी कुटुंबे पाठवू नका. सगळ्या देशाला उजेड मिळाला, धूर मात्र माहूलला राहिला.

सिलिंडरवर काय लिहिले असते

गॅस मुंबईत 1955 पासून बर्मा शेल विकत असे. तेव्हा तो शहरातल्या ठरावीक घरांत. खेड्यात तो यायला फार वर्षे लागली. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरच्या बायकांच्या नावाने जोडण्या मिळाल्या. देशात अशा 10 कोटींहून जास्त जोडण्या झाल्या आहेत. चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत, म्हणून हे काम मोठे आहे. पण जोडणी मिळाली तरी पुढचे सिलिंडर भरायला पैसे लागतात. पैसे नसले की शेगडी कोपऱ्यात राहते आणि चूल पुन्हा पेटते. कितीतरी घरांत असेच आहे.

सिलिंडर आले की ते वाचून घ्या. घरच्या सिलिंडरात 14 किलो 200 ग्रॅम गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच रंगवलेले असते. समजा 15 किलो 300 ग्रॅम लिहिले आहे. दोन्हींची बेरीज करा. 29 किलो 500 ग्रॅम झाले. पोचवणाऱ्याजवळ काटा असायला हवा. त्यावर ठेवायला सांगा. वजन कमी भरले तर घेऊ नका.

वरच्या कड्याला धरणाऱ्या तीन पट्ट्या असतात. त्यांतल्या एकीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि आकडा दिसेल. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडा हा वर्षाचा. बी 28 असेल तर जून 2028 पर्यंत ते सिलिंडर चालेल, मग त्याची पुन्हा तपासणी झाली पाहिजे. मुदत उलटून गेली असेल तर परत पाठवा.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम घालतात. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. वास आला तर काडी ओढू नका. विजेचे बटण लावू नका आणि बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. शेगडी बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, पोरांना अंगणात काढा, आणि बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो घराच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. घरात कोणाला अजून वाचता येत नसेल तर त्याला हे चार आकडे आजच शिकवा.